काउंट ६२ मिलियन, तरी डीएफआय ३८ टक्के: शुक्राणूतला डीएनए तुटतो कुठे?

गुणसूत्री (धागाकर्ती)

उदाहरणादाखल एक रिपोर्ट समोर धरू. आकडे कुणा एकाचे नाहीत, पण असे रिपोर्ट नेहमी दिसतात. वीर्य २.८ मिली, शुक्राणू दर मिलीला ६२ मिलियन, पुढे सरकणारे ४८ टक्के, आकाराने ठीक ५ टक्के. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा (१.४ मिली, १६ मिलियन, ३० टक्के, ४ टक्के) सगळ्या पार. आणि शेवटी एक ओळ: डीएनए फ्रॅगमेंटेशन इंडेक्स (डीएफआय, म्हणजे तुटक्या डीएनएच्या शुक्राणूंचं प्रमाण) ३८ टक्के. तोच माणूस तीन आठवड्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये गेला, तिथे १९.

जीवशास्त्राच्या बाजूने कोडं असं: एखाद्या पेशीचा डीएनए जागोजागी तुटला तर ती एक तर दुरुस्त करते, नाही तर मरते. हे शुक्राणू मात्र खुशाल पोहतायत. मग ही मोडतोड नेमकी कोणत्या टप्प्यावर होते? वृषणात, पुढच्या प्रवासात, की नमुन्याच्या डबीत? आणि ३८ व १९ यांतला कुठला आकडा धरायचा? पुस्तकांत मायोसिसवर (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनावर) पानंच्या पानं असतात, त्यानंतरच्या टप्प्याला दोन ओळी. ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा, लांबी चालेल.

अणुरेणू

पोहणं आणि डीएनए यांचा जवळजवळ संबंध नसतो, इथून सुरुवात करू. शेपटी हलवायला लागतं एटीपी आणि आधीच बनून तयार असलेली प्रथिनं. केंद्रकातलं एकही जनुक वाचावं लागत नाही, वाचताही येत नाही. मरण्याचंही तसंच. इतर पेशींत मायटोकाँड्रियातून सुटलेली डीएनए कापणारी प्रथिनं केंद्रकात शिरतात. शुक्राणूत मायटोकाँड्रिया मानेखालच्या मधल्या भागाला गुंडाळलेले, केंद्रक डोक्यात, आणि आतला डीएनए इतका दाबून भरलेला की आत शिरायला वाट नाही. म्हणून तुटक्या डीएनएचा शुक्राणू मरतही नाही आणि दुरुस्तही होत नाही, नुसता पोहत राहतो.

आता मोडतोड कुठे. पहिली जागा वृषणातच, आणि गंमत म्हणजे पेशी ती स्वतः करते.

एका शुक्राणूतला डीएनए सरळ केला तर साधारण एक मीटर भरेल. डोकं जेमतेम ५ मायक्रॉन लांब, ३ रुंद. साध्या पेशीत डीएनए हिस्टोनच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) पेशीत अशी अंदाजे दीड कोटी रिळं. गोल स्पर्मॅटिड (मायोसिसनंतरची, शुक्राणू होऊ घातलेली पेशी) लांबट होऊ लागला की ही बहुतेक रिळं काढून टाकायची आणि त्या जागी प्रोटामीन बसवायचं. क्रम असा: एच४ हिस्टोनवर भरपूर अ‍ॅसिटिल गट चढतात, त्यामुळे त्याची डीएनएवरची पकड सुटते. बीआरडीटी नावाचं प्रथिन ही खूण ओळखतं आणि हिस्टोन निघायला लागतात. मध्ये काही काळ टीएनपी१ आणि टीएनपी२ ही संक्रमण-प्रथिनं जागा धरून ठेवतात. मग प्रोटामीन १ आणि २ येऊन बसतात. मानवी प्रोटामीन १ मध्ये ५० च्या आसपास अमिनो आम्लं, त्यातली जवळपास निम्मी आर्जिनीन. आर्जिनीनचा धन भार आणि डीएनएचा ऋण भार एकमेकांना मिटवतात, म्हणून डीएनएचे पदर एकमेकांना खेटून बसू शकतात. शेवटी सुमारे ५० हजार बेसजोड्यांची एकेक वेटोळी चकती तयार होते.

अडचण पिळाची. रिळावरचा दोरा रीळ न फिरवता वरून ओढून घेतला की त्याला पीळ पडतो. इथे तर रिळं दीड कोटी. हा पीळ सोडवायला टोपोआयसोमरेज २ बीटा डीएनएचे दोन्ही धागे कापतं, पीळ जाऊ देतं आणि परत जोडतं. म्हणजे लांबट होणाऱ्या प्रत्येक निरोगी स्पर्मॅटिडमध्ये काही काळ डीएनए तुटलेला असतोच. २००४ पासून हे उंदरांत आणि माणसांत दाखवलं गेलं आहे. नेहमी हे काप मिटतात. पण पेशी एकगुणित, शेजारी दुसरी प्रत नाही, त्यामुळे बघून दुरुस्त करायला नमुना नाही. टोकाला टोक जोडायचं, एवढाच उपाय. आणि वेळ मर्यादित, कारण प्रोटामीन बसलं की दुरुस्तीची प्रथिनं आत पोचत नाहीत. जे काप तोवर राहिले ते तसेच आत बांधले जातात.

वेळेचं गणित किती नाजूक आहे बघा. प्रोटामीनचा आरएनए गोल स्पर्मॅटिडमध्येच लिहून ठेवलेला असतो आणि कित्येक दिवस दाबून ठेवला जातो, कारण प्रोटामीन लागेल तेव्हा डीएनए वाचण्याच्या पलीकडे गेलेला असणार. उंदरांत हा आरएनए मुद्दाम वेळेआधी वाचायला लावला तर केंद्रक अवेळी घट्ट होतं आणि स्पर्मॅटिड अडकतात. उलट प्रोटामीन १ किंवा २ च्या जनुकाची एक प्रत काढली तरी उंदीर वंध्य. माणसात दोन्ही प्रोटामीनचं प्रमाण जवळपास १:१ असतं. ते कुठल्याही बाजूला घसरलं की डीएफआय वाढलेला सापडतो. (उंदरात प्रमाण मुळातच वेगळं, प्रोटामीन २ जास्त. उंदरावरचे आकडे माणसाला चिकटवू नयेत.)

दुसरी जागा: अर्धवट राहिलेला मृत्यू. जननपेशींना पोसणाऱ्या सर्टोली पेशींच्या क्षमतेपेक्षा जास्त झालेल्या जननपेशींवर मरणाची खूण लागते. ती लागूनही काही पेशी सुटतात आणि तुटक्या डीएनएसकट पुढे जातात.

तिसरी जागा एपिडिडायमिस (वृषणाला लागून असलेली नळी, जिथे शुक्राणू पक्व होतात आणि साठतात), आणि माझ्या मते ३८ च्या घरातल्या बहुतेक रिपोर्टांत मोठा वाटा हिचाच. इथे शुक्राणू साधारण दोन दिवस ते दोन आठवडे असतात. प्रोटामीनमधल्या सिस्टीनच्या जोड्यांत डायसल्फाइड बंध होऊन गाठोडं पक्कं होतं. पण शुक्राणूच्या पटलात डीएचएसारखी सहज ऑक्सिडाइज होणारी स्निग्धाम्लं भरपूर, आणि बचाव करणारी प्रथिनं ठेवायला पेशीद्रव नावालाच. मानेपाशी पेशीद्रवाचा गोळा राहिलेले अपक्व शुक्राणू आणि पांढऱ्या पेशी मुक्त मूलकं (ऑक्सिडेशन घडवणारे रेणू) सोडतात, शेजारच्यांना झळ लागते. डीएनएतल्या ग्वानीन या बेसचं ऑक्सिडेशन होऊन ८-ऑक्सोग्वानीन होतं. शुक्राणूत ओजीजी१ हे प्रथिन असतं, ते खराब बेस काढून टाकतं. पण पुढच्या पायरीची एपीई१ आणि एक्सआरसीसी१ नसतात. म्हणजे गवंड्याने फुटकी वीट काढली आणि नवी न बसवता निघून गेला. भोक तसंच. असं भोक असलेला धागा पुढे जरा आम्ल लागलं की उसवतो, आणि चाचणीत नेमकं तेच दिसतं.

काचपट्टी

अणुरेणूंनी शेवटी जे लिहिलं तिथूनच लॅब सुरू होते. ३८ आणि १९ दोन्ही बरोबर असू शकतात. दोन्ही रिपोर्टांवर पद्धतीचं नाव आणि संयमाचे दिवस (आधीच्या वीर्यपतनापासून नमुन्यापर्यंतचे) आहेत का ते आधी बघा. नसतील तर तुलना करूच नका.

आपल्याकडे सर्रास होते ती एससीडी, म्हणजे प्रभामंडळाची चाचणी, कारण तिला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. मूळ कल्पना: डीएनए धड असेल तर प्रथिनं काढल्यावर त्याचे फास बाहेर पसरतात आणि डोक्याभोवती प्रभा दिसते. तुटलेला असेल तर आम्लाने धागे सुटे होतात आणि प्रभा उमटत नाही. नवख्याचा इथेच गोंधळ होतो: प्रभा असलेला चांगला, नसलेला वाईट.

पायऱ्या थोडक्यात. वीर्य पातळ होऊ द्यायचं, मग दर मिलीला ५ ते १० मिलियनपर्यंत विरळ करायचं. कमी तापमानाला वितळणारं, जेलीसारखं घट्ट होणारं अ‍ॅगरोज पूर्ण वितळवून ३७ अंशांवर किमान पाच मिनिटं ठेवायचं, त्यानंतरच नमुना मिसळायचा. शेवटचं अ‍ॅगरोज ०.७ टक्के. आधी अ‍ॅगरोजचा हात दिलेल्या काचपट्टीवर थेंब, वर कव्हरस्लिप, ४ अंशांवर पाच मिनिटं. कव्हरस्लिप आडवी सरकवून काढायची, उचलायची नाही. मग ०.०८ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ७ मिनिटं, २२ अंशांच्या आसपास. त्यानंतर लायसिस, म्हणजे प्रथिनं काढणं: ट्रिस, डीटीटी, एसडीएस, २ मोलर मीठ. डीटीटीचं काम डायसल्फाइड बंध तोडणं, मिठाचं काम प्रोटामीन सोडवणं. किटनुसार २० ते २५ मिनिटं. पाणी, मग ७०, ९० आणि १०० टक्के अल्कोहोलमध्ये दोन-दोन मिनिटं, वाळवणं, रंग.

मोजताना डोक्याच्या आडव्या व्यासाशी तुलना. प्रभेची जाडी त्या व्यासाइतकी किंवा जास्त असेल तर मोठी. एक तृतीयांश किंवा कमी असेल तर छोटी. यांच्या मधली ती मध्यम. छोटी, प्रभाच नाही, आणि विस्कटलेला फिकट गाभा या तिन्ही मिळून डीएफआय. शेपूट दिसल्याशिवाय मोजायचं नाही, नाही तर पांढऱ्या पेशी आणि अपक्व पेशी हिशेबात घुसतात.

बिघडतं कुठे ते सांगतो. अ‍ॅगरोज गरम असताना नमुना घातला की शुक्राणूंना चटका बसतो. डीटीटी जुना झाला, बाटली उघडी राहिली, तर लायसिस अपुरा होतो. प्रभा सगळ्यांच्याच बारीक येतात आणि डीएफआय खोटा वाढतो. सगळ्याच प्रभा बारीक दिसल्या की रोग्याला नव्हे, डीटीटीला पकडा. आम्ल कमकुवत झालं की उलट, सगळे धडधाकट दिसतात. काचपट्टीवर थर जाड असेल तर खालच्या पातळीतले शुक्राणू धूसर, आणि धूसर प्रभा नवखा ‘छोटी’ लिहितो. म्हणून रोज एक माहीत असलेला चांगला नमुना आणि एक वाईट (त्याच वीर्याचा भाग मुद्दाम उष्णतेने किंवा पेरॉक्साइडने बिघडवलेला) सोबत चालवावा.

मग मोजणीची संख्या. खरा आकडा ३० टक्के असेल आणि १०० शुक्राणू मोजले तर निव्वळ योगायोगाने २१ ते ३९ मधलं काहीही येऊ शकतं. ५०० मोजले तर २६ ते ३४. डोळ्याने १०० मोजून ‘डीएफआय ३१.४ टक्के’ असा दशांश छापणाऱ्या रिपोर्टचं हसू येतं.

एससीएसए (आम्लाने किती डीएनए सुटतो ते यंत्राने मोजणारी चाचणी) वेगळी. नमुना गोठवून पाठवता येतो. दर मिलीला १ ते २ मिलियनपर्यंत विरळ करून पीएच १.२ ला बरोबर ३० सेकंद, मग अ‍ॅक्रिडीन ऑरेंज, तिसऱ्या मिनिटाला फ्लो सायटोमीटरवर वाचन. दुहेरी धागा हिरवा, एकेरी लाल. ५००० किंवा जास्त पेशी मोजल्या जातात, त्यामुळे आकडा पुन्हा केला तरी तसाच येतो. तिच्यात एचडीएस नावाचा दुसरा आकडाही मिळतो, हिस्टोन जास्त राहिलेल्या अपक्व केंद्रकांचा. टनेल ही तिसरी चाचणी मात्र आम्ल न लावता खरी तुटकी टोकं मोजते, टीडीटी एन्झाइमने तिथे खुणेचे न्यूक्लिओटाइड जोडून. पण गाठोडं आधी डीटीटीने सैल केलं नाही तर आतल्या टोकांपर्यंत एन्झाइम पोचतच नाही आणि आकडा खोटा कमी येतो. एससीएसएला २५ ते ३० ची मर्यादा सांगतात, टनेलला एका गाजलेल्या कामात १६.८. म्हणून टनेलचे १९ आणि एससीडीचे ३८ एकाच माणसाचे, एकाच आठवड्याचे असू शकतात.

गुणसूत्री

डीटीटीची दुहेरी भूमिका पहिल्यांदाच नीट कळली. एक उपप्रश्न: अणुरेणूंनी म्हटलं, शुक्राणूने वीट काढली आणि नवी बसवली नाही. मग फलनानंतर बीजांड बसवतं का? बसवत असेल तर डीएफआय ३८ असूनही काहींना सहज दिवस राहतात त्याचं कारण हेच का?

बीजमात्र

हो, हेच. डीएफआयच्या चर्चेत बीजांड विसरलं जातं, हा माझा जुना आक्षेप आहे. रिपोर्ट एकाचा, निकाल दोघांचा.

बीजांडाचा व्यास जवळपास १२० मायक्रॉन. त्यात महिनोन्महिने साठवलेली प्रथिनं आणि आरएनए. पहिले दोन-तीन दिवस भ्रूण आईच्या या शिदोरीवर चालतं. शुक्राणू आत आला की आधी गाठोडं सोडावं लागतं. डायसल्फाइड बंध तोडायला ग्लुटाथायोन लागतं, ते बीजांड पक्व होताना साठवतं. अपक्व बीजांडात ते कमी असतं, म्हणून शुक्राणू आत जाऊनही डोकं फुगत नाही आणि दोनऐवजी एकच प्रोन्यूक्लियस (फलनानंतर दिसणारं आई किंवा वडिलांकडचं केंद्रक) दिसतो. (तोच ग्लुटाथायोन लॅबमधल्या डीटीटीचं काम निसर्गात करतो असं समजा.) प्रोटामीन सोडवण्याआधी त्यावर फॉस्फेट चढवावं लागतं. उंदरांत हे एसआरपीके१ करतं असं २०२० मध्ये दिसलं. मग आईचे हिस्टोन बसतात, त्यात एच३.३ हा प्रकार प्रमुख.

गाठोडं सुटलं की आतली तूटफूट उघडी पडते. पहिली डीएनए प्रत काढायच्या आत दुरुस्ती व्हायला हवी, म्हणजे हाताशी काही तासच. शुक्राणूने सोडलेली भोकं बुजवायला लागणारी एपीई१ आणि एक्सआरसीसी१ बीजांडात असतात. पण उंदरांच्या बीजांडात ओजीजी१ कमी आढळतं. म्हणजे फुटकी वीट काढणारा शुक्राणूकडे, बसवणारा बीजांडाकडे, अशी कामाची वाटणी. शुक्राणूने जे ८-ऑक्सोग्वानीन काढलंच नाही ते बीजांडाच्या नजरेतून सुटू शकतं, आणि प्रत काढताना त्याच्यासमोर सायटोसीनऐवजी अ‍ॅडेनीन बसलं की ‘जी’च्या जागी ‘टी’ असं कायमचं म्युटेशन होतं.

एका धाग्याचा काप असेल तर तरुण बीजांडाला तो किरकोळ. दोन्ही धागे तुटले असतील तर प्रकरण वेगळं. जोडणी चुकली तर तुकडे सूक्ष्मकेंद्रकांत जातात, आणि पहिल्या विभाजनांत भ्रूणाची थांबवणूक-व्यवस्था ढिली असल्याने ते विभागतच राहतं. म्हणून तिसऱ्या दिवसापर्यंत भ्रूण दिसायला छान. भ्रूणाची स्वतःची, वडिलांकडचीसुद्धा, जनुकं चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर जोरात चालू होतात. त्यानंतर अडकणं, ब्लास्टोसिस्ट (पाचव्या दिवसाच्या सुमाराचा टप्पा) न होणं, किंवा लवकरचा गर्भपात. आयव्हीएफमध्ये तिसऱ्या दिवशी उत्तम आणि पाचव्या दिवशी सगळं गार, असं दोन-तीनदा झालं तर शुक्राणूच्या डीएनएकडे बघण्यात अर्थ आहे.

पण स्त्रीचं वय चाळिशीच्या पुढे असेल तर डीएफआयवर डोकं आपटू नका. बीजांड तिच्या जन्माआधीच पहिल्या मायोसिसमध्ये थांबलेलं असतं. गुणसूत्रांना जोडून ठेवणारी कोहेसीनची कडी तेव्हाच बसवलेली, नंतर जवळपास बदलली जात नाही. चाळीस वर्षांत कड्या झिजतात आणि गुणसूत्रं चुकीच्या बाजूला जातात. हा घोळ इतका मोठा असतो की त्यापुढे डीएफआय ३८ आणि २० यांतला फरक हरवून जातो. वर वय वाढलेल्या बीजांडाची दुरुस्तीही मंद.

अवांतर, पण सांगायलाच हवं: डीएफआय म्हणजे म्युटेशन नव्हे. वडिलांच्या वयाबरोबर मुलात दरवर्षी साधारण दीड-दोन नवी म्युटेशन वाढतात. ती मूळपेशींच्या प्रतीतल्या चुकांतून येतात आणि या कुठल्याही चाचणीत दिसत नाहीत. ‘३८ टक्के शुक्राणूंत जनुकीय दोष’ असं जोडप्याला सांगणं साफ चूक.

ओपीडी_बारा

उपचाराच्या बाजूने लिहितो. आधी, ही चाचणी कुणाची करायची? पहिल्याच भेटीत सरसकट नको. अमेरिकी मूत्ररोग आणि प्रजनन संस्थांची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वंही तेच म्हणतात. वारंवार गर्भपात, कारण न सापडणारं वंध्यत्व, हाताला लागणारा व्हेरिकोसील (वृषणाभोवतीच्या शिरा फुगणं), किंवा बीजमात्र यांनी सांगितलेलं ‘तिसऱ्या दिवशी छान, पाचव्या दिवशी गार’, अशा वेळी करा. बाकी वेळा आकडा हातात येतो आणि पुढे काय करायचं ते कळत नाही.

आकडा जास्त आला की मोडतोड कोणत्या टप्प्यावर आहे ते ओळखायचा प्रयत्न करा, उपाय त्यावर ठरतो. क्रोमोमायसीन ए३ किंवा अ‍ॅनिलीन ब्लूने जास्त शुक्राणू रंगले तर प्रोटामीन कमी किंवा हिस्टोन जास्त, म्हणजे दोष वृषणातल्या बांधणीचा. तिथे व्हेरिकोसील, ताप, उष्णता, तंबाखू, औषधं बघा. वृषण शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड राहायला हवं. भट्टीपाशी किंवा इंजिनाशेजारी तासन्‌तास काम असेल तर ते विचारा. गेल्या तीन महिन्यांत डेंगी किंवा तसा मोठा ताप येऊन गेला असेल तर चाचणीच पुढे ढकला. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्याचा मुद्दा निराळा. बाहेरचं टेस्टोस्टेरॉन वृषणाला कामाला लावणारी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं दाबतं आणि काउंटच शून्याकडे जातो, तिथे डीएफआय गौण.

बांधणी ठीक आणि तरी डीएफआय वर, तर दोष प्रवासातला. सर्वांत स्वस्त उपाय इथे: संयमाचे दिवस कमी करा. एपिडिडायमिसच्या शेपटाकडे आठवडाभर पडून राहिलेले शुक्राणू जास्त झळ खातात. चार-पाच दिवस रोज किंवा दिवसाआड वीर्यपतन, आणि नमुना एका दिवसाच्या अंतरावर. काउंट थोडा कमी येतो, डीएफआय बऱ्याचदा उतरतो. वीर्यात पांढऱ्या पेशी दर मिलीला १ मिलियनपेक्षा जास्त असतील तर संसर्ग शोधून त्यावर उपचार. शोधल्याशिवाय अँटिबायोटिक नको.

आयसीएसआयच्या (एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडण्याच्या) वेळी शुक्राणू निवडायच्या बऱ्याच युक्त्या आहेत. हायलुरोनानला चिकटणारे शुक्राणू निवडण्यावर ब्रिटनमध्ये २७७२ जोडप्यांची मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला. बाळ घरी नेण्याचं प्रमाण लक्षणीय वाढलं नाही, गर्भपात मात्र ७ वरून ४.३ टक्क्यांवर आले. वृषणातून थेट सुईने शुक्राणू घेणं ही शेवटची पायरी. ज्यांच्या वीर्यात डीएफआय जास्त होता त्यांच्यात २०१५ च्या एका अभ्यासात वीर्यात सरासरी ४०.७ आणि वृषणातल्या शुक्राणूंत ८.३ टक्के आढळला. तिसरी जागा मोठी, हे अणुरेणूंचं म्हणणं यातून पक्कं होतं. पण सुई ती सुई. संयम कमी करून, व्हेरिकोसील बघून, एक-दोन फेऱ्या अपयशी झाल्याशिवाय तिकडे वळू नये.

शून्यप्रहर

चर्चा छान. पण ऑक्सिडेशन हेच कारण असेल तर अँटिऑक्सिडंट गोळ्या तीन महिने द्याव्यात आणि मोकळं व्हावं, इतकं सरळ नाही का? औषधाच्या दुकानात तर रांगच आहे अशा गोळ्यांची.

अणुरेणू

सरळ वाटतं, पण नाही. डायसल्फाइड बंध व्हायलाच थोडं ऑक्सिडेशन लागतं. शुक्राणूतलं जीपीएक्स४ हे प्रथिन पेरॉक्साइड वापरूनच ते बंध घालतं. बीजांडाजवळ गेल्यावर शुक्राणू फलनक्षम होण्यासाठीही मुक्त मूलकांची थोडी मात्रा हवी असते. सगळी आग विझवली तर चूलही विझते. व्हिटॅमिन सी, ई, झिंक, सेलेनियम एकत्र दिल्यावर डीएफआय उतरला पण केंद्रकं सैल झाली, असं २००७ च्या एका कामात दिसलं.

मोठ्या चाचण्याही उत्साह वाढवणाऱ्या नाहीत. अमेरिकेत २३७० जोडप्यांवर, पुरुषांना रोज ५ मिग्रॅ फोलिक अ‍ॅसिड आणि ३० मिग्रॅ झिंक सहा महिने दिलं, निकाल २०२० मध्ये आला. जिवंत जन्मांत फरक नाही. उलट डीएनए फ्रॅगमेंटेशन गोळीच्या गटात सरासरी २९.७ आणि खोट्या गोळीच्या गटात २७.२. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत सी, ई, सेलेनियम, कार्निटीन, झिंक, फोलिक अ‍ॅसिड आणि लायकोपीन यांचं मिश्रण तीन महिने देऊनही डीएफआय हलला नाही.

कमतरता मोजून सिद्ध झाली असेल तर तेवढं द्या. तंबाखू सोडणाऱ्याला गोळीपेक्षा जास्त फायदा होईल. चार ब्रँड एकत्र घेणाऱ्याला आधी थांबवा. प्रत्येकात झिंक आणि सेलेनियम असतं आणि बेरीज कुणी करत नाही.

ओपीडी_बारा

सहमत. फक्त व्हेरिकोसीलच्या शस्त्रक्रियेनंतरचे तीन महिने काही जण गोळ्या देतात, त्याला माझा विरोध नाही, पण श्रेय शस्त्रक्रियेला द्या.

काचपट्टी

चाचणी परत कधी करायची, हे राहिलं. बदल कुठे केला त्यावर ते ठरतं. बीजजनन-उपकलेचं एक चक्र १६ दिवसांचं, मूळपेशीपासून शुक्राणू सुटेपर्यंत अशी साधारण साडेचार चक्रं, त्यावर एपिडिडायमिसचे दिवस. म्हणून तंबाखू, ताप, उष्णता, व्हेरिकोसील यांचा परिणाम बघायला तीन महिने थांबा. तिसऱ्या आठवड्यात केलेली चाचणी जुनाच माल दाखवते. संयमाचे दिवस कमी केले असतील तर मात्र दोन आठवड्यांत फरक दिसायला हवा. न दिसला तर दोष बहुधा प्रवासातला नाही, बांधणीचा.

नमुना देताना: दोन्ही वेळा संयमाचे दिवस तेवढेच, आणि फॉर्मवर तास लिहा, ‘२-३ दिवस’ नको. सगळं वीर्य डबीत, पहिला थेंब सांडला तर तसं सांगा, शुक्राणू बहुतेक पहिल्या भागातच असतात. लॅबने दिलेलीच डबी, कंडोम किंवा घरातलं तेल नाही. घरून आणत असाल तर शरीराजवळ, खिशात, अर्ध्या-पाऊण तासात. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली डबी हाही डीएफआय वाढण्याचा एक मार्ग आहे. लॅबमध्ये वीर्य पातळ झालं की लगेच चाचणी लावा किंवा लगेच गोठवा, ३७ अंशांवर दुपारपर्यंत ठेवू नका. आणि कच्चं वीर्य जोरात सेंट्रिफ्यूज करू नका. अपक्व आणि पांढऱ्या पेशी निरोगी शुक्राणूंसोबत तळाशी एकाच गोळ्यात दाबल्या जातात आणि तिथेच मूलकं सोडतात. म्हणून धुण्याआधी ग्रेडियंट किंवा स्विम-अप, या चांगले शुक्राणू वेगळे करायच्या पद्धती.

गुणसूत्री, तुमच्या उदाहरणातल्या ३८ आणि १९ मध्ये तीन आठवड्यांचं अंतर आहे. त्या दोन रिपोर्टांवर संयमाचे दिवस किती ते लिहाल का? पहिल्यात आठ आणि दुसऱ्यात दोन असतील तर पद्धतीकडे जायचीही गरज नाही.

गुणसूत्री

उदाहरणात ती नोंद घातलीच नव्हती. वर्गात आता रकाना रिकामाच ठेवते आणि काय विचारायचं राहिलं ते विद्यार्थ्यांना शोधायला लावते.